‘कुटुंबवत्सल’ कोणाला म्हणावे?



मृत्यूच्या बातमीत एक शब्द हमखास असतो. ‘मनमिळाऊ, कष्टाळू व कुटुंबवत्सल’ असे तीन शब्द एका ओळीत येतात, आणि त्याखाली अंत्यविधीची वेळ. अंत्यसंस्काराच्या मिस्साआधी घरची मंडळी कागदावर माहिती लिहून आमच्याकडे आणून देतात, त्यातही हा शब्द असतोच. आम्ही तो वाचून दाखवतो. वाचता वाचता कधी पहिल्या बाकावर बसलेल्या त्या माणसाच्या पत्नीकडे लक्ष जाते, आणि मनात येते, हा शब्द लिहिताना हिला कोणी विचारले होते का?

जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ‘सी संडे’ येतो. दर्यावर जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी प्रार्थना करण्याचा तो दिवस. आपल्या धर्मग्रामातली कितीतरी घरे बोटीवरच्या पगारावर उभी राहिली आहेत, आणि तितकीच गल्फच्या पगारावर. त्या घरांतले पुरुष सहा-सहा, नऊ-नऊ महिने इथे नसतात. आता परदेशी इस्पितळांत नर्स म्हणून गेलेल्या आपल्या मुली आणि आयाही त्यांत आहेत. मुलाचा स्नानसंस्कार होतो तेव्हा बाप बोटीवर असतो, पहिल्या कम्युनियनला बोटीवर असतो, आणि लग्नाला आला तर ‘साइन ऑफ वेळेवर मिळाला’ म्हणून आपण देवाचे आभार मानतो. मग एके दिवशी तो माणूस जातो आणि त्याच्या कागदावर लिहिलेले असते: कुटुंबवत्सल. ज्याने कमावत्या आयुष्याचा मोठा भाग घराबाहेर काढला, त्याला हा शब्द कोणत्या अर्थाने लावायचा?

प्रश्न बोचणारा आहे हे आम्ही जाणतो. आपल्यातलेच उदाहरण घेऊन बोलू लागलो तर बोलणे अवघड होईल आणि ऐकणे त्याहून अवघड. म्हणून एक दूरचे उदाहरण घेतो, आणि तेही अगदी टोकाचे. घरापासून इतक्या लांब गेलेला माणूस की त्याच्यापुढे आपली सिंगापूर आणि रॉटरडॅम शेजारच्या आळीसारखी वाटावीत.

जेम्स लव्हेल हे नाव ‘अपोलो १३’ या १९९५ सालच्या सिनेमामुळे तुमच्यापैकी काहींच्या कानांवर आले असेल. टॉम हँक्स या नटाने त्यात त्यांची भूमिका केली होती. लव्हेल ७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, लेक फॉरेस्ट या गावी, वयाच्या ९७ व्या वर्षी वारले. जगाने त्यांना अंतराळवीर म्हणून निरोप दिला. ते बरोबरच आहे, कारण चार वेळा ते अंतराळात गेले आणि दोनदा चंद्राजवळ पोचले. परंतु पेशाने ते नौदलाचे वैमानिक होते, आणि नौदलातून कॅप्टन या हुद्द्यावर निवृत्त झाले. सिनेमाच्या शेवटी सुटका करणाऱ्या जहाजावर ते स्वतः क्षणभर दिसतात, तेव्हाही त्यांच्या अंगावर कॅप्टनचाच गणवेश आहे. त्याहून वरचा हुद्दा पडद्यावरसुद्धा त्यांनी घेतला नाही. आम्हांला ही गोष्ट आवडते.

ते लहान असतानाच वडील मोटार अपघातात गेले. आई ब्लँच यांनी एकटीने या एकुलत्या मुलाला वाढवले. मिलवॉकी शहरातल्या शाळेत असताना मेरिलिन या मुलीशी ओळख झाली. १९५२ च्या जून महिन्यात ज्या दिवशी ॲनापोलिसच्या नौदल अकादमीची पदवी मिळाली, त्याच दिवशी दोघांचे लग्न झाले. म्हणजे नौदल आणि संसार एकाच दिवशी सुरू झाले, आणि दोघांनाही पहिल्या दिवसापासून एकमेकांशी जुळवून घ्यावे लागले.

विमानवाहू नौकेवर विमान उतरवणे हे फार कठीण काम. धावपट्टी आखूड, तीही हलणारी, पुढे पळणारी. लव्हेल रात्रीची विमाने चालवीत. एका रात्री जपानजवळच्या समुद्रावर त्यांना आपली नौका सापडेना. नकाशा वाचण्यासाठी त्यांनी विमानात स्वतः एक छोटा दिवा जोडला होता. तो लावताच शॉर्ट सर्किट होऊन समोरच्या यंत्रांचे सगळे दिवे गेले. अंधारगुडुप झाल्यावर त्यांना खाली पाण्यात हिरवट उजेडाची एक रेघ दिसली. नौकेच्या पंख्यांनी घुसळलेल्या पाण्यातली ती चमक होती. आपल्या कोळी बांधवांना ती ठाऊक आहे, अमावास्येच्या आसपास वल्हे मारले की पाणी चमकते ते. त्या रेघेच्या मागोमाग जाऊन ते नौकेवर उतरले. प्रसंग प्रवचनाला फारच सोयीचा आहे, म्हणूनच आम्ही त्यावर प्रवचन करीत नाही. एवढेच सांगतो की अशा प्रकारे नौकेच्या डेकवर ते १०७ वेळा उतरले, आणि त्या काळात घरी बसलेल्या बाईला ते उतरले की नाही हे लगेच कळायची काहीही सोय नव्हती.

१९६८ च्या नाताळात मेक्सिकोतल्या अकापुल्कोला सहलीला जायचे या कुटुंबाचे ठरले होते. लव्हेल यांनी घरी येऊन सांगितले की तो बेत रद्द, आपण चंद्राकडे जात आहोत. बायकोला असे सांगणारा पृथ्वीच्या इतिहासातला तो बहुधा पहिल्या तीन नवऱ्यांपैकी एक असावा. त्या डिसेंबरात फ्रँक बोर्मन आणि विल्यम अँडर्स यांच्यासह ‘अपोलो ८’ मधून ते निघाले. चंद्राभोवती दहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत यान चंद्राच्या मागे गेले की पाऊण तासाच्या आसपास पृथ्वीशी संपर्क तुटे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिघांनी आळीपाळीने बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभीची वचने वाचली आणि ती घरोघरी रेडिओवर, टेलिव्हिजनवर ऐकू आली.

त्या सफरीतली एक गोष्ट लव्हेल पुढे अनेकदा सांगत. खिडकीसमोर हात लांब करून अंगठा धरला की अख्खी पृथ्वी त्याच्या आड जाई. समुद्र, खंड, युद्धे, आणि मेरिलिन व चार मुले, सगळे एका अंगठ्यामागे. आम्ही हे वाचले तेव्हा आम्हांला आमच्या अभ्यासाच्या काळातले मार्सेल आठवले.

गाब्रिएल मार्सेल हे फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ १९७३ साली निवर्तले. पहिल्या महायुद्धात ते रेड क्रॉससाठी काम करीत होते. बेपत्ता सैनिकांची चौकशी करायला त्यांच्या घरची माणसे येत, आणि मार्सेल यांच्यापुढे त्या सैनिकांची कार्डे असत. कार्डावर नाव, तुकडी, शेवटचे ठिकाण. समोर मात्र आई किंवा पत्नी उभी. कार्डावरची माहिती आणि समोरच्या बाईच्या मनातला तो माणूस यांत काय फरक आहे, या प्रश्नाने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. त्यांतून त्यांनी ‘उपस्थिती’चा विचार मांडला. आपल्या शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस आपल्याला मुळीच उपस्थित नसू शकतो. आणि हजारो मैलांवरचा माणूस, इतकेच काय, मेलेला माणूसही, आपल्याजवळ उपस्थित असू शकतो. उपस्थिती ही अंतरावर मोजायची वस्तूच नाही. समोरच्यासाठी आपण आतून किती मोकळे आहोत, त्याच्या हाकेला किती उपलब्ध आहोत, यावर ती ठरते. एकनिष्ठा म्हणजे केवळ दिलेला शब्द मोडला नाही एवढेच नव्हे, ती रोज नव्याने घडवायची असते, असेही त्यांचे म्हणणे होते.

याचा पडताळा आपल्याला रोज येतो. संध्याकाळी सातला कामावरून येऊन टीव्हीपुढे बसलेला आणि मुलाने तीनदा हाक मारली तरी ‘हूं’ म्हणणारा बाप आपण पाहिलेला आहे. आणि बोटीवरून बायकोला रोज फोन करणारा, मुलीच्या गणिताच्या पेपराची तारीख लक्षात ठेवून त्या सकाळी हमखास फोन लावणारा बापही आपण पाहिलेला आहे. दोघांपैकी घरात कोण होता? मार्सेल यांच्या हिशेबाने उत्तर सोपे आहे.

लव्हेल यांच्या बाबतीतही असा पुरावा देता येईल. ‘अपोलो ८’ च्या त्या नाताळच्या दिवशी मेरिलिन यांच्या दारात एक माणूस भेटीची पेटी घेऊन आला. आत उंची फरचा कोट होता आणि चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचे नाव ‘चंद्रावरचा माणूस’ असे होते. निघण्यापूर्वीच लव्हेल यांनी ही व्यवस्था करून ठेवली होती. शिवाय चंद्रावरच्या ‘शांततेचा समुद्र’ नावाच्या मैदानाच्या काठी असलेल्या एका त्रिकोणी डोंगराला त्यांनी ‘माउंट मेरिलिन’ म्हणायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ‘अपोलो ११’ चंद्रावर उतरले त्या वाटेवरची ती एक खूण होती. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०१७ साली ते नाव अधिकृत केले. आता चंद्राच्या नकाशावर ते कायमचे आहे.

गोष्ट गोड आहे. इथे थांबलो असतो तर लेखही गोड झाला असता. पण मार्सेल यांचा विचार जितका सुंदर, तितकाच सोयीचा आहे, आणि सोयीचा विचार तपासून घ्यावा अशी आम्हांला सेमिनरीत सवय लावली गेली. ‘मी शरीराने दूर असलो तरी मनाने घरीच असतो’ हे वाक्य कोण म्हणते? नेहमी दूर गेलेला माणूस म्हणतो. घरी राहिलेली बाई असे म्हणत नाही. तिला रात्री दोन वाजता तापाने फणफणलेले मूल घेऊन रिक्षा शोधायची असते, आणि त्या वेळी मनाने घरी असलेल्या माणसाचा उपयोग नसतो.

म्हणून त्या फरच्या कोटाच्या पलीकडे पाहिले पाहिजे. अंतराळवीरांच्या घरी नासाने एक छोटा स्पीकर बसवून दिलेला असे. यान आणि नियंत्रण केंद्र यांच्यातले बोलणे त्यातून घरात ऐकू येई. तांत्रिक आकडे, मधली खरखर, पुन्हा आकडे. स्वयंपाक करताना, मुलांना झोपवताना बायका तो ऐकत बसत. बोलायची सोय त्यात नव्हती, फक्त ऐकायची.

१९७० च्या एप्रिलमध्ये तो स्पीकर पुन्हा त्यांच्या घरी होता. ‘अपोलो १३’ पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटरवर असताना यानातली प्राणवायूची टाकी फुटली. चंद्रावर उतरणे तर संपलेच, घरी परतणे होईल का हा प्रश्न उभा राहिला. चंद्रावर उतरण्यासाठी नेलेले छोटे यान दोन माणसांना सुमारे दोन दिवस पुरेल असे बांधलेले होते. त्यात तिघांनी सुमारे चार दिवस काढायचे होते. वीज वाचवण्यासाठी जवळजवळ सगळे बंद केले. आत थंडी इतकी पडली की पारा तीन-चार अंशांवर आला. माणशी दिवसाला पेलाभर पाणी. उच्छ्वासाची विषारी हवा शोषणाऱ्या चौकोनी पेट्या गोल तोंडाला बसेनात, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून त्या बसवल्या. चंद्राच्या पाठीमागून, त्याच्या जमिनीपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरून, लव्हेल पुढे निघून गेले. ज्यासाठी सगळी खटपट केली ती जमीन खिडकीखालून सरकत गेली. १७ एप्रिलला तिघेही प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

त्या दिवसांत पोप सहावे पॉल यांनी हजारो भाविकांसह त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आपल्या भारतातही एका धार्मिक मेळ्यात जमलेल्या मोठ्या समुदायाने प्रार्थना केल्याची नोंद आहे. सगळे जग तीन माणसांसाठी जागे होते. परंतु आपण एका घरात जाऊन पाहू. तिथे धाकटा मुलगा जेमतेम चार वर्षांचा, दाराबाहेर वार्ताहरांची गर्दी, वृद्ध सासूला धीर द्यायचा, आणि कोपऱ्यात तो बोलणारा स्पीकर. या चार दिवसांत लव्हेल यांच्यापुढे काम होते. करण्यासारखे काहीतरी हातात असणे ही संकटातली मोठी दया असते. मेरिलिन यांच्या हातात काहीच नव्हते. शौर्याची मोजदाद करताना आपण यानातल्या तिघांची करतो. वाट पाहणे हेही कर्म आहे, आणि ते कष्टाचे कर्म आहे, याला आपल्या नीतिशास्त्रात जागा फार कमी मिळाली आहे. ती पुस्तके बहुतेक पुरुषांनी लिहिली, त्यातही बऱ्याच आमच्यासारख्या ब्रह्मचाऱ्यांनी, हे त्याचे एक कारण असावे.

आता आपल्या त्या शब्दाकडे येऊ. मृत्यूच्या बातमीत नवरा ‘कुटुंबवत्सल’ असतो आणि बायको कुठे असते? ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ या ओळीत. ज्या बाईने पंधरा-वीस वर्षे एकटीने घर चालवले म्हणून तो माणूस दुरून प्रेम करू शकला, ती ‘पश्चात’मध्ये गेली. हा शब्द दोघांच्या मिळकतीचा होता आणि सातबारा एकाच्याच नावावर झाला.

मार्सेल यांच्यानंतर आम्ही नेहमी ॲरिस्टॉटलकडे वळतो, कारण तो जमिनीवर राहतो. मैत्रीविषयीच्या आपल्या विवेचनात तो म्हणतो की केवळ अंतराने मैत्री तुटत नाही, थांबते ते तिचे प्रत्यक्ष वागणे. मात्र विरह फार लांबला तर विसर पडू लागतो. आणखी एका ठिकाणी तो असे सांगतो की ज्यांचे एकमेकांवर प्रेम असते त्यांना सोबत जगायचे असते, आणि सोबत जगायचे म्हणजे काहीतरी सोबत करायचे. कोणी एकत्र बसून फासे टाकतात, कोणी मिळून व्यायाम करतात, कोणी शिकारीला जातात, कोणी तत्त्वचर्चा करतात. ज्याला जे प्रिय ते तो आपल्या माणसाबरोबर करू पाहतो. इतक्या मोठ्या तत्त्वज्ञाने प्रेमाच्या चर्चेत फासे आणि व्यायाम आणावेत याचे विद्यार्थिदशेत आम्हांला हसू आले होते. आता येत नाही.

कारण पाहा, घरापासून दूर असलेला माणूस काय काय पाठवू शकतो? पैसे पाठवू शकतो. भेटवस्तू पाठवू शकतो, चंद्रावरूनही. आवाज पाठवू शकतो, आणि व्हिडिओ कॉलवर आता चेहराही. एक गोष्ट मात्र कुठूनही पाठवता येत नाही, ती म्हणजे खेळ. मुलाबरोबर चेंडू टाकायचा तर हात तिथेच हवा. खेळाला शरीर लागते, वेळ लागतो, आणि दमणे लागते. बोटीवरून आलेला बाप मुलासाठी बूट आणतो आणि ते पायात जात नाहीत. बापाच्या मनात आठ महिन्यांपूर्वीचा पाय असतो. रोज संध्याकाळी मैदानावर त्या पायामागे धावलेल्या माणसाची अशी चूक झाली नसती.

लव्हेल यांना खेळाची चांगलीच आवड होती. गोल्फ, पोहणे, टेनिस आणि हँडबॉल हे त्यांचे छंद म्हणून नोंदलेले आहेत. (हँडबॉल म्हणजे भिंतीवर तळहाताने चेंडू मारायचा तो अमेरिकन खेळ असावा.) १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना शारीरिक तंदुरुस्तीविषयी सल्लागार नेमले. १९७० मध्ये, म्हणजे त्या जीवघेण्या सफरीच्याच वर्षी, शारीरिक तंदुरुस्ती व क्रीडा यांसाठीच्या राष्ट्राध्यक्षांच्या परिषदेचे ते अध्यक्ष झाले आणि १९७८ पर्यंत ते काम त्यांनी पाहिले. लोकांनी, विशेषतः मुलांनी, धावावे, पोहावे, खेळावे यासाठीचे ते काम. चंद्रावर निघालेल्या माणसाच्या मानाने हे बारीकसे काम वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही.

खेळाविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितलेली एक गोष्ट आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत होते ते पाहून काही लोकांना धक्का बसला. योहानांनी त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, एकामागून एक. मग विचारले, असे सतत करता येईल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानांनी सांगितले. अक्वायनस यांनी तर याच्याही पुढे जाऊन असे म्हटले आहे की ज्याला मुळीच खेळता येत नाही, जो दुसऱ्याच्या आनंदावरही विरजण घालतो, त्याच्याकडूनही दोष घडतो. आमच्या प्रवचनांत हा दोष फारसा येत नाही, याची नोंद कोणी घेतली असल्यास आश्चर्य नाही.

तेव्हा मार्सेल आणि ॲरिस्टॉटल यांना आम्ही असे एकत्र बसवतो. दूर असूनही प्रेम खरे असू शकते, यात शंका नाही. परंतु ते प्रेम उधारीवर चाललेले असते. घरी राहिलेल्यांच्या वेळातून, कष्टांतून आणि भीतीतून ती उधारी घेतलेली असते. पैसे पाठवून ती फिटत नाही, कारण पैसे ज्या कामासाठी गेलो त्याची मजुरी आहेत. ती फिटते ती परत येऊन सोबत काहीतरी करण्यानेच. म्हणून एखाद्याला कुटुंबवत्सल म्हणावे की नाही हे तो दूर असताना किती कळवळला यावरून आम्ही ठरवणार नाही. आपल्यावर उधारी आहे हे त्याला ठाऊक होते का, आणि थांबता येण्याजोगे झाले तेव्हा तो थांबला का, हे विचारू.

लव्हेल थांबले. ‘अपोलो १३’ ही आपली शेवटची सफर असे त्यांनी निघण्याआधीच ठरवले होते. पण ठरवले तेव्हा चंद्रावर पाऊल ठेवून परतायचे होते. ते घडले नाही. अशा वेळी माणूस म्हणू शकतो की आता तर मला आणखी एक संधी मिळालीच पाहिजे. चंद्रावर उतरता आले नाही याची रुखरुख त्यांनी कधी लपवली नाही. तरी ते पुन्हा गेले नाहीत. १९७३ साली नौदल आणि नासा दोन्हींतून निवृत्त झाले आणि ह्यूस्टनमध्ये बंदरात जहाजे ओढणाऱ्या टग बोटींच्या कंपनीत कामाला लागले, नंतर टेलिफोनच्या धंद्यात. १९९९ साली लेक फॉरेस्टमध्ये त्यांच्या कुटुंबाने एक रेस्टॉरंट काढले. स्वयंपाकघर मुलाच्या हाती होते. सत्तरी ओलांडलेला चंद्रवीर तिथे गिऱ्हाइकांना भेटत असे. २०१५ पर्यंत ते चालले. त्या काळच्या अंतराळवीरांपैकी अनेकांचे संसार मोडले, हा टिकला. मेरिलिन २०२३ च्या ऑगस्टमध्ये वारल्या तेव्हा लग्नाला ७१ वर्षे झाली होती. त्यांतली सुरुवातीची वीस-एकवीस उधारीची धरली तरी पन्नास वर्षे उरतात.

इथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, फादर, तो माणूस हौसेने गेला, आम्ही पोटासाठी जातो. हे खरे आहे आणि ते मान्यच केले पाहिजे. चंद्रावर न जाता लव्हेल यांचे घर उपाशी राहिले नसते. आपल्या माणसांना बहिणीचे लग्न, बापाचे औषधपाणी, बँकेचे हप्ते यांसाठी जावे लागते. गरजेने गेलेल्या माणसाला हौसेने गेलेल्याच्या तराजूत घालणे अन्याय होईल. त्याची उधारी हलकी आहे.

पण गरज ही हलणारी धावपट्टी आहे. आधी दोन खोल्यांसाठी गेलो. मग बंगला झाला. मग मुलाच्या इंजिनिअरिंगची फी आली, मग गाडी, मग गावाबाहेर एक फ्लॅट गुंतवणूक म्हणून. ‘आणखी एकच कॉन्ट्रॅक्ट’ हे शब्द या धर्मग्रामात आम्ही ज्यांच्याकडून ऐकले, त्यांतल्या काहींनी ते पाच-सहा वेळा म्हटले आहेत. हे लोभाने होते असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळदा ते सवयीने होते, आणि कधी भीतीनेही. घरी परतल्यावर आपण कोण असू, याची ती भीती असते. बोटीवर तो चीफ कुक असतो, बोसन असतो, इंजिनिअर असतो. घरी सगळे त्याच्याशिवाय सुरळीत चाललेले असते. गॅसची चावी कोणत्या बाजूला फिरते हे त्याला विचारावे लागते. मुलगी आईला विचारून बाहेर जाते, त्याला विचारायचे तिच्या लक्षातच येत नाही. अशा घरात पाहुण्यासारखे बसण्यापेक्षा बोटीवर जाणे सोपे. या माणसाला लोभी म्हटले तर त्याचे दुखणे आपल्याला कळलेच नाही. त्याला घरात पुन्हा जागा करून देणे हे घरच्यांचे आणि आपल्या सर्वांचेही काम आहे. मैदानावर संध्याकाळी मुलांच्या खेळात एखादा सुट्टीवर आलेला बाप ओशाळवाणा होऊन कडेला उभा दिसला, तर त्याला आत बोलवावे. दहा मिनिटांत तो धापा टाकेल, पण आत असेल.

थांबायचे केव्हा, हे मात्र एकट्याने ठरवू नये. ज्याने उधार घेतले त्यानेच हिशेब मांडला तर तो स्वतःच्या बाजूने मांडला जातो, हे आपण दुकानदारीत जाणतो. पुढचे कॉन्ट्रॅक्ट सही करण्यापूर्वी दोघांनी एका संध्याकाळी टेबलाशी बसून बोलावे, आणि त्या बोलण्यात मुलांनाही, ती जाणती असतील तर, घ्यावे. त्यांचे म्हणणे ऐकून पुन्हा जायचे ठरले तर जावे. मग ते जाणे दोघांचे होते.

आणि आम्ही आमच्यापुरते एक ठरवले आहे. यापुढे अंत्यविधीच्या मिस्साआधी कागद आला की तो वाचण्यापूर्वी आम्ही पत्नीशी, किंवा जी कोणी व्यक्ती घरी थांबली होती तिच्याशी, थोडे बोलू. शब्द गाळण्याचा हेतू नाही. शोकाच्या घरात जाऊन कोणाची परीक्षा घेणे हे आमचे कामही नाही. बहुतेक वेळा ती बाई तो शब्द राहू द्या असेच म्हणेल, आणि मग एखादी आठवण सांगेल, जी कागदावर कोणी लिहिली नव्हती.

सी संडेच्या मिस्सात बोटीवर, गल्फला आणि इतरत्र परदेशी असलेल्यांची नावे दरवर्षीप्रमाणे वेदीवरून वाचली जातील. या वर्षी नावे जोडीने वाचायची आहेत: जो गेला आहे त्याचे, आणि त्याच्या घरी जे थांबले आहे त्याचे. कुणाकडे पत्नी थांबली असेल, कुणाकडे नवरा, कुणाकडे आई किंवा थोरली बहीण. चिठ्ठीवर दोन्ही नावे स्वच्छ अक्षरांत लिहून धर्मग्राम कार्यालयात आदल्या गुरुवारपर्यंत द्यावीत. मिस्सानंतर मैदानावर मुलांचे आणि पालकांचे फुटबॉलचे सामने आहेत. सुट्टीवर आलेल्यांनी बूट घालून यावे.